पथावरचं टिंब

आमच्या घरात मराठी बोलली जायची त्यापेक्षा जास्त छापली जायची. बोस्टनपासून तासाभरावरच्या श्रूजबरीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेलं एक कॉपी मशीन होतं. दिवसा बॉयलरच्या कंपनीत इंजिनिअर असलेले बाबा संध्याकाळी त्या मशीनपाशी उभे राहून पत्रकं काढायचे. बुवाबाजीविरुद्ध, जातीविरुद्ध, पत्रिका बघून ठरवलेल्या लग्नांविरुद्ध, घराघरात बायकांना गप्प बसवण्याविरुद्ध. नागपूरला कॉलेजात असताना ते चळवळीत होते. अमेरिकेत आले तेव्हा चळवळ मागे राहिली आणि पत्रकं तेवढी सोबत आली. मी मराठी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. त्यामुळे बाराव्या वर्षी मला 'शोषण', 'कर्मठ', 'बुरसटलेले' हे शब्द यायचे, पण आईने स्वयंपाकघरातून 'उलथनं दे' म्हटलं की मी झारा नेऊन द्यायचे. तिथल्या मराठी मंडळातल्या मुलांना माझी मराठी ऐकून हसू यायचं. "ही न्यूजपेपरसारखी बोलते यार," असं ती म्हणायची. मला तो अपमान वाटत नसे. वर्तमानपत्र तरी काहीतरी म्हणत असतं, असं माझं मत होतं. मतं मला फार होती.

मशीन सुरू झालं की त्याची घरघर हीटरच्या डक्टमधून घरभर पोचायची आणि टोनरचा गरम वास आईच्या फोडणीत मिसळायचा. आजही कुठे कढीपत्ता तडतडला की मला त्यामागे तो काळा, जळका वास हवासा वाटतो. आई फार्मसीत काम करायची, आणि सकाळी निघण्याआधी चहाच्या डब्यांमागे, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेल्या एवढ्याशा देव्हाऱ्यापुढे हात जोडायची. बाबांना हे ठाऊक होतं. स्वयंपाकघरात शिरण्याआधी ते जिन्यात एकदा खोकायचे. खोकला ऐकला की आई कपाटाचं दार मिटायची, दाराच्या मॅग्नेटचा टक्क आवाज व्हायचा, आणि मग बाबा आत येऊन चहा मागायचे. सतरा वर्षं मी तो खोकला आणि तो टक्क ऐकला. तत्त्व आणि संसार यांच्यातला हा तह कुठल्याही पत्रकात आला नाही.

अकराव्या वर्षापासून पत्रकांची मुद्रितं मी वाचायचे. माझी नजर चांगली होती, आणि दुसरं कोणी नव्हतं. बाबांचा सगळा कटाक्ष टिंबांवर. जुन्या मराठीत उच्चार नसलेल्या अक्षरांवरही टिंबं द्यायचे, ती पुढे काढून टाकली; ही सुधारणा बाबांना फार प्रिय होती. "नको तिथलं टिंब म्हणजे डोक्यावरचं गाठोडं," ते म्हणायचे. "ते उतरवायला आपल्याला शतकं लागली." आणि हवं तिथलं टिंब गेलं तर मात्र ते जेवत नसत. एकदा 'संत' चं 'सत' झालं म्हणून त्यांनी पन्नास प्रती पेनने दुरुस्त केल्या होत्या.

मशीनला एक खोड होती. काचेवर आतल्या बाजूने एक डाग होता, मोहरीएवढा, काही केल्या न निघणारा. तो प्रत्येक प्रतीवर उमटायचा. बाबांनी काचेच्या कडेला निळी टेप लावली होती; कागदाची कड टेपला टेकवली की डाग समासात पडायचा आणि कुणाच्या लक्षात यायचा नाही. कागद टेपला टेकवणं हे आमच्या घरातलं पहिलं संस्काराचं काम. इतर घरांत मुलांना शुभंकरोती शिकवत असतील.

सोळाव्या वर्षी शाळेची ट्रिप बोस्टनच्या एका म्युझियमला गेली. तिथे एका अंधाऱ्या खोलीत, काचेखाली, कुराणाचं एक पान होतं, हजारेक वर्षांपूर्वीचं, कातड्यावर लिहिलेलं. पान उभं नव्हतं, आडवं होतं. त्यावर मोजून पाच ओळी, तपकिरी शाईच्या, जाड, जमिनीला टेकून बसलेल्या. एक अक्षर तर लेखकाने इतकं लांबवत नेलं होतं की अर्धी ओळ त्यातच संपली होती. ओळीच्या शेवटी जागा संपली म्हणून शब्द मधेच तोडून उरलेला तुकडा खालच्या ओळीत घेतला होता, आणि त्याबद्दल जराही संकोच नव्हता. मला अरबी येत नव्हतं. देवाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. तरी बस निघायची वेळ झाली तेव्हा टीचरला मला शोधायला परत यावं लागलं. इतकी वर्षं मी जे छापलेलं वाचत होते ते सगळं घाईत होतं, कुणालातरी पटवायला धावत निघालेलं. हे पान कुठेच निघालेलं नव्हतं.

माझ्यासारखीच्या मनात असं काही येणं हा मला स्वतःला फितुरीचा प्रकार वाटला. म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही, आईला सोडून. आई म्हणाली, "वूस्टरला लायब्ररीत एक बाई शनिवारी शिकवतात असलं काहीतरी. फार्मसीत बोर्डावर कागद लावलाय." शेजारच्याच गावात, वूस्टरला, लेबनीज दुकानात आई तीळ आणायला जायचीच, देसी स्टोअरमधले तीळ खवट असतात असं तिचं ठाम मत होतं. त्या हिवाळ्यात आमच्या घरात तीळ फार लागायला लागले.

त्या बाईंचं नाव नादिया. मूळच्या अलेप्पोच्या. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं दुरुस्त करण्याची कार्यशाळा त्या चालवायच्या. त्यांनी मला बोरू कापायला शिकवलं, आणि पहिले सहा शनिवार फक्त आडव्या रेघा काढायला लावल्या. सातव्या शनिवारी त्यांनी एका जुन्या पानाचा फोटो पुढे ठेवला आणि ओळीवर वर आलेल्या एका लहानशा दातावर बोट ठेवलं. "हा ब असू शकतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "त असू शकतो, न असू शकतो, य असू शकतो. टिंबांवरून कळतं. इथे टिंबं नाहीत."

"मग लोक वाचायचे कसे?" मी विचारलं.

"ज्याला पाठ होतं तोच वाचायचा. लिहिलेलं होतं ते आठवायला मदत म्हणून."

मी टिंबांच्या घरातून आले होते. टिंब नसेल तर जेवण नाही, अशा घरातून. मी तो फोटो घरी आणला. आता मी स्वतः अशीच पानं दुरुस्त करते, आणि एखाद्या पानावर नंतरच्या काळात कुणी वेगळ्या शाईने टिंबं भरलेली दिसली की माझा हात थांबतो. टिंब कुठे आहे हे वाचणाऱ्याचं काम. ते कुणी दिलं आणि का, हे बघणं माझं.

जानेवारीच्या सुरुवातीला नादियाबाईंनी मला एक फॉर्म दिला. उन्हाळ्यात तीन महिने त्यांच्या कार्यशाळेत मदतनीस, तिथेच राहायचं. शाळेतल्या मुलीला अशी जागा मिळत नसे. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. मी सतराची, म्हणून पालकाची सही हवी होती आणि तीन आठवड्यांत हवी होती. मी फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला. आमच्याकडे महत्त्वाच्या गोष्टी अशाच जाहीर होत.

बाबांनी तो उभ्याउभ्या वाचला. "काय करायचंय तिथे?"

"पानं दुरुस्त करायची. पार्चमेंटची, कातड्याची."

"कुठल्या पुस्तकाची?"

"तुम्हाला माहितीये."

"गीतेची असती तरी मी हेच म्हटलं असतं," बाबा म्हणाले, आणि हे खरं होतं. "धर्मग्रंथांची हमाली करायला मी तुला वाढवलेलं नाही."

"बाबा, मी लेटर्स बघते. मला त्यात काय लिहिलंय ते वाचताही येत नाही."

"ते तर आणखी वाईट. न वाचता हात जोडणारे इथे काय कमी आहेत?"

मागे कपाटाजवळ आई भांडी लावत होती. 

त्या महिन्यात बर्फ इतका पडला की ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना माझ्या खांद्याएवढ्या भिंती झाल्या. शाळा दोनदा बंद राहिली. लायसन्स नाही, बस नाही, चालत जाण्यासारखं काही नाही. मी बेसमेंटमध्ये बसून कपडे वाळवायच्या दोरीवर माझे कूफी, म्हणजे म्युझियममधल्या त्या पानासारख्या जुन्या अरबी वळणाच्या, अक्षरांचे कागद चिमट्यांनी लावायचे आणि वर बाबांच्या चपला इकडून तिकडे जाताना ऐकायचे. माझी अडचण वेगळीच होती. मंडळातल्या कुठल्याही मुलीला बापाने अडवलं असतं तर तिने त्याला जुनाट म्हटलं असतं. माझ्या बापाला जुनाट म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मला अडवलं ते माझ्याच वाक्यांनी. त्या वाक्यांतलं एकेक टिंब मी तपासलेलं होतं.

मग वैद्यकाका आले. वैद्यकाका हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त, मंडळाचे जुने अध्यक्ष. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी मंडळाचा मोठा चहाचा थर्मास आमच्या बेसमेंटमध्ये असे, तो न्यायला ते खाली उतरले आणि दोरीसमोर उभे राहिले.

"हे काय वाळत घातलंयस? उर्दू?"

"अरबी, काका. कूफी म्हणतात याला."

"एकच ते," काका म्हणाले, आणि थर्मास उचलून गेले.

चार दिवसांत आईला तीन फोन आले. 'मंदा, पोरीकडे लक्ष आहे ना?' 'वय असं असतं, मंदा.' तिसरा फोन बाबांनी घेतला. त्यांनी शांतपणे ऐकलं, ठेवला, आणि बेसमेंटमध्ये जाऊन लिहायला बसले. मला जे ते स्वतः करू देत नव्हते, ते दुसरं कुणी करू देऊ नये म्हणतंय हे त्यांना सहन होईना. मनाई करायचा हक्क बहुधा त्यांनी स्वतःपुरता राखून ठेवला होता.

पत्रकाचं नाव होतं 'माझी मुलगी आणि तिची अक्षरं'. ते त्यांचं सर्वांत चांगलं पत्रक होतं, हे मी आजही म्हणेन. लिपी कुठल्या धर्माची नसते, असं त्यात होतं. पोरींच्या हातातलं पेन बघून ज्यांची छाती धडधडते त्यांनी स्वतःचं हृदय तपासून घ्यावं, असं होतं, म्हणजे वैद्यकाकांनी. आणि मध्यावर एक परिच्छेद होता: 'ती ही लिपी शिकते आहे ती धर्मग्रंथांची चिरफाड करण्यासाठी. शत्रूचं हत्यार ओळखण्यासाठी.' त्याखाली शेवटचं वाक्य: 'माझ्या मुलीने स्वतःचा पथ निवडला आहे.'

"बाबा, हे खरं नाहीये," मी म्हणाले. "चिरफाडीचं."

"पुढे होईल खरं."

"मला नाही करायची चिरफाड. मला ते आवडतं."

"हे बघ," त्यांनी चष्मा काढला. "चळवळीत एका व्यक्तीला काय आवडतं याला महत्त्व नसतं. भूमिका महत्त्वाची. आणि हे निघालं की मी सही करणार आहे. आता हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

म्हणजे सही हवी तर खोटं राहू द्यायचं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून बघितलं. त्यांनी 'शत्रूचं' काढून 'विरोधकांचं' केलं आणि मला मुद्रित दिलं.

शनिवारी दुपारी मी एकटी मशीनपाशी होते. मजकूर लांबला म्हणून बाबांनी समास कमी केले होते. कागद निळ्या टेपला टेकवला, बटण दाबलं. पहिली प्रत बाहेर आली, गरम, आणि मी सवयीने डाग शोधला. समासात नव्हता. तो शेवटच्या ओळीत होता, 'पथ' मधल्या प च्या डोक्यावर, इतका नेमका की हाताने देऊनही असा जमला नसता. माझ्या मुलीने स्वतःचा पंथ निवडला आहे.

कागद दोन मिलिमीटर सरकवला असता तर काम झालं असतं. मी पुष्कळ वर्षं सांगत आले की माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष होतं. मी ते वाक्य वाचलं, वरचा परिच्छेद वाचला, आणि मला वाटलं, एक खोटं चालतं तर दुसरंही चालू दे. मी एकशेवीसचा आकडा घातला आणि बटण दाबलं. जिचं आयुष्य तत्त्वावर चाललंय असं मला वाटायचं, ती मुलगी त्या घरघरीसमोर हाताची घडी घालून उभी राहिली.

रविवारी सकाळी शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाची संक्रांत. काळ्या साड्या, त्यावर जाड जॅकेटं, दाराशी चिखलाने भरलेले बूट, हलव्याचे दागिने घातलेलं एक रडणारं बाळ. बाबांनी तिळगुळाच्या ताटाशेजारी पत्रकांचा गठ्ठा ठेवला. मंडळाला याची सवय होती. लोक एका हाताने तिळगूळ घेत, दुसऱ्या हाताने पत्रक घेत आणि पोरांच्या ताटाखाली अंथरत. त्या दिवशी मात्र वाचत होते, कारण नाव 'माझी मुलगी' होतं.

वैद्यकाका कागद घेऊन आमच्या टेबलाशी, बाबांपुढे आले. "प्रभाकर, तू स्वतःच लिहून दिलंस ते बरं केलंस. आम्ही उगाच अंदाज करत बसलो होतो."

"कसला अंदाज?"

"'माझ्या मुलीने स्वतःचा पंथ निवडला आहे.' कुठला, तेही लिहायचं होतंस."

"पथ," बाबा म्हणाले. "पथ लिहिलंय. चष्मा लावा."

"चष्मा लावूनच वाचतोय. टिंब आहे."

बाबांनी कागद घेतला. मग गठ्ठ्यातला दुसरा घेतला, तिसरा घेतला. मला त्यांच्याकडे बघवेना, तरी मी बघत होते. "टिंब नाही हे," ते म्हणाले. "मशीनचा डाग आहे."

"डागच म्हणतोय मी पण," वैद्यकाका म्हणाले.

दोनतीन जण हसले. बाबांनी गठ्ठ्यातला चौथा कागद उचलला. मी उठून उभी राहिले. "काका, तो डाग मी बघितला होता. मी मुद्दाम राहू दिला."

मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी सुटतं. काही सुटलं नाही. वैद्यकाकांनी बाबांकडे असं पाहिलं, जसं काही त्यांना जे हवं होतं ते मी आणून दिलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बघ. मुद्दाम." बाबांनी उरलेली पत्रकं गोळा केली. "चला," ते म्हणाले.

आम्ही गाडीने परत निघालो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. आईच्या मांडीवर तिळगुळाचा डबा होता आणि वळणावर आतले लाडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरंगळत होते. तेवढा एक आवाज.

घरी येऊन बाबांनी जेवणाच्या टेबलावर पत्रकं मांडली आणि ब्लेड घेऊन एकेक डाग खरवडायला लागले. वाटून झालेल्या प्रतींचं काही करता येणार नव्हतं. तरी उरलेल्या साठसत्तर प्रती ते खरवडत बसले. मी समोर बसले आणि दुसरं ब्लेड घेतलं. कातड्यावरची शाई खरवडता येते, नादियाबाईंनी मला दाखवलं होतं. जुने लेखक चूक झाली की सुरीने असंच करायचे आणि खालचं कातडं टिकायचं. कागद टिकत नाही. तिसऱ्याचौथ्या प्रतीला भोक पडत होतं. पथाच्या डोक्यावर आधी टिंब होतं, आता भोक.

"मी खोटं लिहिलं असं तुला म्हणायचं होतं, तर तोंडावर म्हणायचं," बाबा वर न बघता म्हणाले.

"म्हटलं होतं. दोनदा."

ब्लेड चालत राहिलं.

"फॉर्म?" मी विचारलं. मंगळवारी मुदत संपत होती.

"आता नाही. आता सही केली तर वैद्य म्हणेल, बघा, खरंच होतं."

"आणि नाही केली तर?"

त्यांनी विचार केला. "तरी वैद्यच म्हणेल. पोरीला घाबरून कोंडलं म्हणेल." मग ते थांबले, आणि मला पहिल्यांदा दिसलं की मी ज्या खोलीत अडकले होते तिथे तेही आहेत, फक्त किती वर्षांपासून ते मला माहीत नाही. पण त्यांनी सही करतो असं म्हटलं नाही. आज त्यांना मोतीबिंदू आहे, पत्रकं ते व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात, टिंबं फोनच्या मर्जीने पडतात. त्या दुपारबद्दल ते अजूनही म्हणतात की भूमिका बरोबर होती.

आई गॅसपाशी होती. खिचडीला फोडणी देऊन तिने गॅस बारीक केला. "त्या फॉर्मवर कुणाची सही लागते?" तिने विचारलं.

"पालकाची," मी म्हणाले.

"दोघांची?"

मी उठून फ्रिजपाशी गेले आणि वाचलं. तीन आठवडे तो कागद तिथे होता. दूध काढताना, भाजी ठेवताना आईने तो रोज बाजूला करून पुन्हा नीट लावला होता. घरातल्या बायकांना गप्प बसवण्यावरची चार पत्रकं मी टिंबाटिंबासकट तपासली होती, आणि ही ओळ मात्र वाचली नव्हती.

"एकाची," मी म्हणाले. "कुणाही एकाची."

"मग?" आई म्हणाली. "मला कोणी विचारलंच नाही."

तिने हात पुसले, फॉर्म काढला, टेबलावरची भोकं पडलेली पत्रकं कोपराने बाजूला सरकवली आणि बसली. बाबा खोकले. तोच, जिन्यातला खोकला. आईने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही मिटलं नाही. मग तिने पेन मागितलं. बँकेत, फार्मसीत, पासपोर्टवर, आई कायम मराठीतच सही करायची आणि काउंटरवरचे लोक दोनदा बघायचे. तिने म काढला, दा काढला, वरून रेघ ओढली, आणि सगळ्यांत शेवटी, पेन दाबून, म च्या डोक्यावर टिंब दिलं.